नेटचा वाढपी

एका गावात एक भोळा वाढपी होता. नाव येसबा. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, पंगतीत बुंदी वाढायला येसबाच. पाटलाच्या पानात दोन मुठी, तर परटाच्या पानातही दोन मुठी. पाटील पोटावर हात ठेवून नको नको म्हणत असला, तरी दोन मुठी. माणूस सरळ. पण इतका सरळ, की पस्तिशी उलटली तरी त्याला कुणी मुलगी देईना.

एके दिवशी गावात नेट आलं. चावडीत एक डबा बसवला. डब्याला एक खटका, सकाळी चालू, रात्री बंद. खटका सांभाळायला माणूस हवा होता. सरपंच अनसूयाकाकू म्हणाल्या, "येसबालाच ठिवू. त्यो कुनात दुजाभाव करायचा न्हाई."

येसबाच्या आईला आभाळ ठेंगणं झालं. तिने त्याच दिवशी दोन डोंगर पलीकडे महिपत मोऱ्यांकडे निरोप धाडला. त्यांची सुरेखा लग्नाची होती. मोऱ्यांनी कळवलं, मुलगा महिनाभर नोकरीत टिकला, तर नेटवरच बघण्याचा कार्यक्रम करू.

"येसबा," आई म्हणाली, "येक म्हैना नीट वाग. ह्ये स्थळ गेलं, तर जलमभर दुसऱ्याच्याच लग्नात बुंदी वाढशील."

"बरं आये," येसबा म्हणाला.

पहिल्या दिवशी काकूंनी त्याला काम शिकवलं. "ह्ये बी पंगतीवानीच. समद्यांना सारखं. बास."

येसबाने पंगत बसवली. घरोघर सांगून आला, फोन घेऊन बसा, पण कुणी आधी सुरू करायचं नाही. सगळे बसेपर्यंत दुपार झाली. चंपाआजीकडे फोन नव्हता. तिच्यापुढे चष्म्याचं घर ठेवलं. मग येसबा चावडीत गेला, "सावकाश होऊ द्या!" असं ओरडला आणि खटका दाबला. तेवढ्यात एका घरात दूध उतू गेलं आणि तिथली बाई उठली. एक उठलं म्हणजे पंगत उठली. येसबाने खटका बंद केला.

काकू धावत आल्या. "आरं, कुनासाठी थांबायचं न्हाई! जो मागंल त्याला दिऊन टाकायचं!"

"बरं काकू."

दुसऱ्या दिवशी नेटच्या कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून आला. त्याने डब्यावरचं एक बटण दाखवलं. म्हणाला, "हे दाबून ठेवायचं. आमच्या मालिका आधी सुटतात. बाकीच्यांचं मागाहून, हळूहळू."

त्याने मागितलं. येसबाने दिलं. घरोघर मालिकांतल्या सासवा-सुना भरधाव भांडू लागल्या. शाळेत गुरुजींचा नेटवरचा धडा मात्र 'नमस्कार मुलांनो'मधल्या 'नमस्'वर अडकला, तो शाळा सुटली तरी तिथेच.

काकू पुन्हा धावत आल्या. "आरं, कुनी बी मागितलं म्हनून द्यायचं व्हय? आधी इचारायचं, कागद कुठाय? लेखी हुकूम असल्याबिगर हात हलवायचा न्हाई!"

"बरं काकू."

संध्याकाळी शेजारणीची म्हैस काकूंच्या मेथीत शिरली. काकू ओसरीवरून ओरडल्या, "येसबा, हाकल तिला!"

"काकू, लेखी हाय का?"

काकू पायात चपला सरकवून येईपर्यंत मेथी संपली होती. म्हैस कोथिंबिरीकडे वळली होती.

"कागद सरकारी कामाला इचारायचा, म्हशीला न्हाई!" काकू कळवळल्या. "सरकारी कागद आला, की त्यात लिवलंय तसंच करायचं. आलं ध्यानात?"

"आलं काकू."

काकूंनी कंपनीविरुद्ध राज्याकडे तक्रार केली होती. थोड्या दिवसांनी राज्याचं पत्र आलं. "गावात सर्वांचे नेट सारखे चालावे. कंपनीने कोणालाही पुढे-मागे करू नये." गुरुजींनी पेढे वाटले. पेढे संपायच्या आत केंद्राचं पत्र आलं. "नेट हा आमचा विषय आहे. राज्याने त्यात पडू नये. आम्ही याबाबत काही ठरवणार नाही. इतर कोणीही ठरवू नये."

दोन्ही कागद सरकारी. येसबाने एक डाव्या हातात धरला, एक उजव्या हातात. हुकूम खाली कसा ठेवायचा? खटका दाबायला हात उरला नाही. दिवसभर गावात ना मालिका, ना 'नमस्'.

काकू आल्या. या वेळी त्या धावल्या नाहीत. येऊन नुसत्या बसल्या. महिना भरायला एकच दिवस राहिला होता. येसबाचा चेहरा रडवेला झाला.

"काकू, मला काढू नगा. मला लगीन करायचंय."

काकूंना त्याची दया आली. "काढत न्हाई बाबा. पर जरा शीक. ह्यो केंद्राचा कागद बघ. मोठी मानसं अशी बोलत्यात. इषय आमचा, आमी काय ठरवनार न्हाई, दुसऱ्या कुनी बी ठरवायचं न्हाई. येवढं म्हटलं, की फुडं कुनी तोंड उघडत न्हाई."

येसबाने ते रात्रीतून पाठ केलं.

रविवारी बघण्याचा कार्यक्रम ठरला. खटक्यापाशी काकू स्वतः बसल्या. कंपनीचा माणूस आला होता, त्याला त्यांनी सकाळीच वेशीवरून परतवून लावलं होतं. आईने येसबाला नवा सदरा घातला आणि कानात सांगितलं, "मोठ्या मानसावानी बोल."

फोनवर सुरेखा दिसली. निळी साडी, हसरे डोळे. येसबाला ती आवडली. फार आवडली.

"मी शिवनकाम करते," ती म्हणाली. "लग्नानंतर बी करनार. चालंल?"

"चालंल की. तुमी शिवा, मी घरोघर पोचवीन. आधी कुनाचं, मागून कुनाचं, असं करनार न्हाई."

सुरेखा हसली. वडिलांकडे वळून म्हणाली, "आबा, मला पसंत हाय."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. चावडीच्या खिडक्यांत गाव दाटलं होतं. महिपतराव खुशीत पुढे सरकले. "झालं तर मग! पाव्हनं, आता तुमी बोला. आमची पोरगी पसंत हाय न्हवं?"

येसबा ताठ बसला. त्याने घसा साफ केला.

"इषय माझा हाय," तो म्हणाला. "मी काय ठरवनार न्हाई. दुसऱ्या कुनी बी ठरवायचं न्हाई."

महिपतरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सुरेखा खाली बघू लागली. मग पलीकडून फोन बंद झाला.

येसबाने थोडा वेळ वाट पाहिली. कुणी पुढे काही विचारेना. तसा तो आनंदाने आईकडे वळला.

"आये, लागू पडलं!"