उंबराने पाखरं धरून ठेवली

लोकांना चिकटवून ठेवणारी अ‍ॅप बनवणाऱ्या शहाण्यांनो, झाडं पाखरांशी बोलायची तेव्हाची ही गोष्ट नीट ऐका.

ओढ्याकाठच्या उंबराची फळं खाऊन पाखरं उडून जायची. ही परत आलीच नाहीत तर, या धास्तीने उंबराने फांद्यांवर चीक सोडला. एका बुलबुलीचे पाय चिकटले. ते पाहून बाकीची पाखरं फिरकेनाशी झाली.

"उंबरदादा, आता मला एकटीलाच कवटाळून बस!" बुलबुली कडाडली.

"तुम्ही जाता, म्हणून भीती वाटते गं."

"अरे वेड्या, तुझं बी पोटात घेऊन आम्ही गेलो, म्हणूनच ओढ्यापल्याड तुझी रोपं उगवली ना?"

उंबर ओशाळला. त्याने चीक आवरून तिचे पाय सोडले. ती उडाली, तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी आली, ती नवरा, नणंद आणि चार पोरं घेऊनच.