चंद्री म्हैस आणि बगळ्यांचं राज्य

फार पूर्वी चंद्री म्हशीने पाठीवरच्या बगळ्यांना शब्द दिला, "ज्या शिंगाकडे जास्त बगळे, तिकडे मी वळेन."

डाव्या शिंगाकडच्यांना डोह हवा होता, उजवीकडच्यांना कुरण. चंद्रीच्या घशाला कोरड पडली होती. पण ती डोहाकडे निघाली, की उजवीकडचे एका बगळ्याला म्हणत, "इकडे ये दादा, कानामागची गोचीड तुझी." तो तिकडे उडी मारी आणि चंद्री कुरणाकडे वळे. मग डावीकडचे त्याला आणखी मोठी गोचीड दाखवत.

दुपारपर्यंत ती एकाच बाभळीभोवती फिरत होती.

"आता कुणाचं राज्य?" तिने विचारलं.

"थांब गं, मोजतोय."

"मोजा सावकाश," म्हणत चंद्री शेपटी उडवत थेट डोहात शिरली आणि पोटभर पाणी प्यायली. पाणी शिंगांपर्यंत चढलं, तेव्हा सगळे बगळे पहिल्यांदाच एका बाजूला आले. काठावर.