पिवळं टोपरं

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या नगरीचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही.

तिथल्या राजाने एका चित्रकाराला सांगितलं, "आमची नगरी रंगव." त्याने दरबाराची अख्खी भिंत रंगवली. पडदा सरकला आणि सगळे हबकले. विहीर देवळाहून मोठी, गाडीचं चाक वाड्याहून उंच, कुत्र्यांचे नुसते दात, आणि माणसांना चेहरेच नाहीत!

"ही आमची नगरी?" राजा कडाडला. "अर्थ सांग याचा!"

"चित्रच सांगेल, महाराज."

"सूर्यास्तापर्यंत कुणाला कळलं तर ठीक. नाहीतर भिंतीला चुना, आणि तुला वेशीबाहेरची वाट!"

चित्र पाहायला लोटलेल्या गर्दीत एक तरुण आई होती. शिकलेली, पण भात शिजला की नाही हेसुद्धा सासूला विचारूनच ठरवणारी. 'एवढे पंडित गप्प, तिथे मी कोण?' असं म्हणत ती टाचा उंचावून पाहत राहिली, आणि कडेवरून उतरलेलं पोर कधी सटकलं ते तिला कळलंच नाही.

ती गर्रकन वळली. पायऱ्या केवढ्या उंच! बाहेर घोड्यांच्या टापा, भाल्यांची टोकं, हौदाचं खोल पाणी... माणसं होती, पण चेहरा एकही दिसेना. अखेर पोर खांबाआड सापडलं, द्वारपालाच्या जोड्याशी खेळताना. त्याला छातीशी धरून तिने वर पाहिलं, तर भिंतीवरही सगळं तसंच!

"महाराज," ती पुढे होत म्हणाली, "चुकत असेन तर... पण हे हरवलेलं लेकरू शोधणाऱ्याचे डोळे आहेत."

राजपंडित हसले. "विहीर देवळाहून मोठी असते होय गं?"

"लेकरू हरवलं की देऊळ दिसत नाही, शास्त्रीबुवा. विहीरच दिसते."

"मग लेकरू कुठंय?" पंडितांनी विचारलं.

तिने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. नसलंच तर? ती शोधत शोधत पार कोपऱ्यापर्यंत गेली. चाकामागे नखाएवढं पिवळं टोपरं होतं, आणि त्याखाली अख्ख्या चित्रातला एकुलता एक चेहरा.

"सापडलं!" ती ओरडली, जणू तिचंच होतं.

चित्रकाराचे डोळे भरले. "माझी लेक. जत्रेत हरवली होती. सापडली तेव्हा बाईसाहेब गूळ खात बसल्या होत्या."

दरबार खळखळून हसला. राजा मात्र चित्रातल्या त्या विहिरीसमोर बराच वेळ उभा राहिला. भिंतीसाठी आणलेला चुना मग नगरीतल्या विहिरींना कठडे बांधायला गेला. चित्रकाराला मानाची शाल मिळाली, आणि आई वाजतगाजत घरी आली. त्या संध्याकाळी तिने कुणाला न विचारता भात उतरवला. किंचित कच्चा होता, पण सगळ्यांनी मागून घेतला.

बोध: न समजलेलं पुसण्याआधी, ते कुणाच्या डोळ्यांनी पाहिलंय हे विचारावं.