मतपेटीचा दुसरा सोबती

एकदा अमेरिकेतील एका लहानशा गावात एक वृद्ध मराठी संगीतशिक्षक राहत असत. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांनी स्वयंसेवकाचे काम पत्करले होते. वाचनालयासमोरच्या पेटीत लोक आगाऊ मते टाकत. ती मते दोघांनी, एक या पक्षाचा नि एक त्या पक्षाचा, एकाच गाडीतून मोजणीच्या ठिकाणी पोहोचवायची, असा तिथला नियम.

भांडायला माणसाला निमित्त लागते, ते त्या वर्षी निवडणुकीनेच पुरवले. दोन्ही बाजूंत विस्तव जात नव्हता. गुरुजींच्याच पक्षाच्या एका शिष्याने तर दुसऱ्या पक्षाच्या आपल्या सख्ख्या थोरल्या भावाला सुनावले होते, "आईच्या पंचाहत्तरीला माझ्या घरात पाऊल ठेवू नकोस." तेव्हापासून आईने दोघांशीही बोलणेच टाकले होते.

एका दुपारी गुरुजी पेटीजवळ थंडीत कुडकुडत उभे असलेले शिष्याला दिसले. दुसऱ्या पक्षाचा सोबती, वॉल्टर नावाचा निवृत्त पोस्टमन, गाडी पंक्चर झाल्याने वाटेत अडकला होता.

"गुरुजी, दोन माणसंच हवीत ना? मी आहे की! चला."

"तू चालणार नाहीस. तो येईपर्यंत पेटीला हात लावायचा नाही."

दीड तास गेला. वॉल्टर आला, तेव्हा गुरुजींनी त्याला थर्मासमधला चहा पाजला. शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढे निकाल लागला आणि गुरुशिष्यांचा पक्ष हरला. शिष्य तडक गुरुजींकडे आला.

"यात काहीतरी काळंबेरं आहे! त्या माणसावर विश्वास ठेवलात तुम्ही!"

"विश्वास?" गुरुजी म्हणाले. "अरे, त्याचा माझ्यावर नव्हता नि माझा त्याच्यावर. म्हणून तर थांबलो. तू आणि मी गेलो असतो, तर गाडीत माणसं दोन, पण नजर एकच. आपण हरलो, मलाही वाईट वाटतं. पण आमच्या पेटीतली मतं खरी होती, हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण वाटभर तो माझ्याकडे पाहत होता नि मी त्याच्याकडे. उद्या आपण जिंकू, तेव्हा 'हो, जिंकलात' असं म्हणणाराही तोच लागेल. त्याला गाडीतून उतरवून कसं चालेल?"

शिष्याने अंगणात जाऊन थोरल्या भावाला फोन लावला.

"दादा, रविवारी आईच्या पंचाहत्तरीला ये."

"माझं मत बदललेलं नाही हं."

"माझंही नाही. तरी ये."

दादाने हळूच विचारले, "आईला तू सांगतोस, की मी सांगू?"