मायाधराने खाली ठेवलेली काठी

फार पूर्वी सुवेल खंडावर मायाधर नावाच्या जादूगाराची सत्ता होती. त्याला मांडणी बदलायचा भारी नाद. काठी फिरवून तो आज डोंगर हलवी, उद्या समुद्र. वैतागलेले कोळी गलबतांना बैल जुंपून पाण्यामागे धावत.

धिमी नावाची कासवीण अंडी घालायला निघे, पण ती पोचेपर्यंत समुद्र भलतीकडेच गेलेला असे. शेवटी ती फणफणत मायाधराच्या अंगणात शिरली आणि वाळू उकरू लागली.

"अगं, हे काय?" मायाधर ओरडला.

"अंडी घालतेय. पिल्लांना पाणी लागेल, आणा इथे समुद्र!"

"धिमे, मी हा खंड सुंदर करतोय."

"करा हो सुंदर! पण एकदाचा करा आणि थांबा. आम्हाला इथे राहायचंय."

मायाधर ओशाळला. त्याने समुद्र अंगणापाशी आणला आणि पिल्लं पाण्यात जाईपर्यंत काठी खाली ठेवली. तेवढ्या काळात किनाऱ्यावर माड रुजले, कोळ्यांनी घरं बांधली.

पिल्लं गेल्यावर त्याने पुन्हा काठी उचलली. ओलं जाळं घेऊन जाणारी कोळीण थबकली.

"आता कुठे न्यायचं सगळं, बाबा?" तिने थकून विचारलं.

मायाधराने घरांकडे पाहिलं. मग काठी वाळूत रोवली आणि कोळिणीचं जाळं तिच्यावर वाळत घातलं.