पालथा झोपवलेला क्लॅरिनेटवाला

“...कारण सापडलं, म्हणजे आजार सापडलाच की. आणखी काय हवं, आपा?”

डॉक्टर शार्दूल केळुसकर टेचात उभा होता. किनाऱ्यावरच्या त्या इस्पितळात छातीचे रोग शिकायला आलेला, पुस्तकं कोळून प्यालेला.

सीटी स्कॅनच्या चित्रात बँडवाल्या रुझार डिसोझाच्या दोन्ही फुप्फुसांत, पाठीकडे तळाला, धूसर पट्टा पसरला होता. शार्दूलने कारणही खणून काढलं होतं: क्लॅरिनेटच्या नळीत साचलेली बुरशी. फुंकणाऱ्याच्या श्वासाबरोबर ती आत जाते, आणि फुप्फुसं हळूहळू निबर होतात. असं घडतंही. शार्दूलने त्याला वाजवणं कायमचं बंद करायला सांगून टाकलं होतं.

लेकीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि बाप बाहेर बाकावर वाद्याची पेटी मांडीवर घेऊन बसलेला. मर्तिकाला आल्यासारखा.

आपा म्हणजे डॉक्टर गुलनार पटवेकर. उभी हयात लोकांच्या छात्या तपासण्यात गेलेली. त्यांनी चित्र उजेडाला धरलं.

“उताणा झोपला होता?”

“सगळेच उताणे झोपतात, आपा.”

“पालथा झोपव. पुन्हा काढ.”

शार्दूलला हसू आलं. माणूस उलटा केला म्हणून रोग काय खाली सांडतो? पण आपांपुढे बोलायची सोय नव्हती. त्याने रुझारला पोटावर झोपवलं, श्वास भरून धरायला लावला.

नवं चित्र आलं.

पट्टा नाही.

शार्दूलने दोन्ही चित्रं शेजारी धरली. खरा डाग असता, तर माणूस कसाही झोपवा, जागचा हलला नसता. हे तर उताणं पडल्यावर फुप्फुस आपल्याच भाराने दबलं होतं, तेवढंच. फुंकायच्या चाचणीतही रुझारचा श्वास संपेना; यंत्राची नळी धरून उभी असलेली पोरगीच दमली. ज्या खोकल्यापायी तो इस्पितळात आला होता, तो मागच्या सर्दीचा उरलेला होता.

“आता वाजवू मां, आपा?” रुझारने दारातूनच विचारलं.

“वाजव. आधी ती नळी आतून पूस, घाणेरड्या.”

त्याने पुसली, आणि व्हरांड्यातच वरातीची चाल धरली. खाटांवरचे पेशंट उठून बसले. परिचारिकांचे पाय हलू लागले. आपांची मानही डोलत होती.

शार्दूलचे कान लाल झाले होते. तरी त्याला राहवेना.

“पण आपा... कारण इतकं छान जुळलं होतं...”

“म्हणून तर त्याला उलटं झोपवलं.”