उजेड दिसेल तिथं

कातळखोल गावात एक भोळा गवंडी होता, धाकू नावाचा. मंजिरीनं आपलं घर बांधायला त्याला कामावर घेतलं त्याच सकाळी तिला अंगणातल्या विटा जरा कमी वाटल्या, आणि पिंपातलं पाणी जरा तांबडं.

"धाकूदादा, विटा कुठायत?"

"भिजत घातल्यात, ताई. विटा भिजवूनच लावतात."

"अहो, त्या भट्टीतल्या! या नुसत्या उन्हात वाळवलेल्या!"

मंजिरीनं पिंपात हात घातला. कोपरापर्यंत चिखल. भट्टीचा धूर नको, सिमेंट नको, म्हणून तिनं महिनाभर खपून पाडलेल्या विटा. त्यांतल्या पन्नासांची खीर झाली होती. आणि सांगलीहून आप्पांनी, तिच्या वडिलांनी, बजावलं होतं, "शनिवारी येतो. घर राहण्याजोगं दिसलं तर राहा. नाहीतर सामान उचलायचं आणि माझ्याबरोबर चलायचं."

"कच्च्या मातीला पाणी लावायचं नाही," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "उन्हात ठेवायची. कळलं?"

"कळलं, ताई."

दुसऱ्या दिवशी विटा जोडायला कालवलेला चिखल त्यानं उन्हात पसरला. दुपारी त्यावर थापी मारली, तर खण्णकन वाजली.

"एक थेंब पाणी लावलं नाही, ताई."

"हा वाळवायचा नसतो हो! एका जागी ढीग करायचा, वर गोणपाट टाकायचं!"

"हात्तिच्या! मग आधी सांगायचं."

भिंती कशाबशा उभ्या राहिल्या. शुक्रवारी कौलं आली. मंजिरी चहा पीत होती, तोच वर कर्रर्र आवाज झाला. ती कप टाकून धावली. छपराच्या एका कोपऱ्यात सगळ्या कौलांचा ढीग, वर गोणपाट, आणि खाली वासे धनुष्यासारखे वाकलेले.

"उतरवा! बाई गं, उतरवा! कौलं रांगेनं लावायची, खालून वर. मग आत उभं राहून बघायचं. उजेड दिसेल तिथं फट असते. ती बुजवायची. एकही राहता कामा नये!"

"एकही नाही राहणार, ताई."

शनिवारी छप्पर पुरं झालं. दारा-खिडक्यांच्या जागा अजून उघड्याच होत्या, पण तेवढं आप्पा समजून घेतील. मंजिरी त्यांना आणायला स्टँडवर गेली. एसटी आली. आप्पा नव्हते. ती धावतच परतली.

घर जागेवर होतं. कौलांच्या रांगा कशा आखल्यासारख्या! पण खिडक्यांच्या जागा दिसेनात. दाराचीही दिसेना. चारी बाजूंनी सलग भिंत, सांधे अजून ओले. आणि भिंतीपाशी आप्पांच्या चपला.

"आप्पा!"

तिनं घराला एक चक्कर मारली, दुसरी मारली.

"धाकूदादा! अहो, कुणी आहे का?"

शेवटी भिंतीच्या आतून ओ आली.

"आहे की, ताई! आप्पा रिक्षानं आले. एवढं गार घर जन्मात बघितलं नाही म्हणाले, आणि इथंच आडवे होऊन झोपलेत. उजेड होता तेवढा सगळा बुजवलाय. एकच फट राहिलीय, तुमचा आवाज येतोय ती. जरा बोलत राहा, अंधारात सापडत नाहीये."